शब्दबोध : ‘स्केपगोट’

दुसऱ्याच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फोडले जाते, त्याला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणतात. या शब्दाचा उगम पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आहे.

लेवीयच्या १६ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकीत. एकाचे परमेश्वराला अर्पण होई. ‘अजाजेला’साठी ठरलेला दुसरा जिवंत रानात सोडला जाई. विल्यम टिंडेल यांनी १५३० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषांतरात ‘अजाजेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘निघून जाणारा बकरा’ असा घेतला व त्यासाठी ‘स्केपगोट’ हा नवा शब्द घडविला. त्यातील ‘स्केप’ हे ‘एस्केप’ म्हणजे निसटणे, याचेच संक्षिप्त रूप होय. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने तो शब्द स्वीकारला. १८८५ च्या सुधारित आवृत्तीने मात्र ‘अजाजेल’ हे नावच ठेवले.

मराठीत याला आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो. परंतु बळी जाई तो पहिला. हा दुसरा जिवंत राही. आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. अहरोन प्रथम दोन्ही हात बकऱ्याच्या मस्तकावर ठेवून लोकांची पापे कबूल करी, मगच त्याला नेमलेल्या मनुष्याच्या हाती रानात पाठवी. आजच्या व्यवहारात बकरा तेवढा उरला आहे; कबुली गळून पडली आहे. घरात, कचेरीत वा मंडळीत दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवण्यापूर्वी आपण काय कबूल केले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.