प्रार्थना केली की भीती जाते का?

प्रश्न : घणसोली गावात आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. नवऱ्याचं रबाळे एमआयडीसीतलं कंत्राटी काम सुटलंय. तेव्हापासून मला झोप नाही. छातीत धडधडतं, भाडं कसं भरायचं या विचारात पहाट होते. शेजारच्या ताई ख्रिस्ती आहेत, त्यांच्या घरी दर आठवड्याला प्रार्थना असते. त्या म्हणतात, येशूपुढे मन मोकळं कर, भीती पळेल. खरंच पळते का? आणि आम्ही गावदेवीला मानणारे, तिथे बसलेलं चालेल का?
— एक वाचक, घणसोली गाव

उत्तर : ताई, भीती जाते. पण एका रात्रीत क्वचितच, आणि जिच्यामुळे ती आली ती अडचण बहुधा जागेवरच असते. मी स्वतः रोज प्रार्थना करतो, म्हणूनच हे आधी सांगतो. आज गुडघे टेकलेत की उद्या नवऱ्याला कामाचं बोलावणं येईल, असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला बायबलचा आधार नाही.

अटकेच्या रात्री खुद्द येशू गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करत होता. हे दुःख टळावं, असं त्याने पित्याकडे मागितलं. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं बायबलमध्ये लूकने लिहून ठेवलंय. दुःख टळलं नाही. पण शिपाई आले तेव्हा तो उठून त्यांना सामोरा गेला. प्रार्थना करायची सोडून झोपलेले शिष्य मात्र पळाले. बायबलमधल्याच स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतली कितीतरी म्हणजे देवापुढे घातलेली गाऱ्हाणीच. तू कुठे आहेस, अजून किती वाट पाहायची, असा जाब त्यांत विचारलेला आहे. रडणं, भांडणं, रुसणं हे सगळं ख्रिस्ती प्रार्थनेत बसतं. शेजारच्या ताई मन मोकळं कर म्हणतात, ते या अर्थाने अगदी खरं आहे.

मराठीत या सगळ्याचं सर्वांत प्रामाणिक चित्र मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतं. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की बाजारातून आलेलं मीठ-साखरही धुऊन घ्यायचं. विटाळाच्या धाकात लक्ष्मीबाईंचं बालपण गेलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान मुलगा, नवरा असून दुरावलेला, वर लोकांची बोलणी. अशी काही वर्षं काढून त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना आतून पोखरत राहिला. अखेर एके दिवशी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. लहानपणापासून हाडीमाशी मुरलेली भीती निघायला इतका काळ लागला, आणि ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलाने निघाली. जवळपास वाचनालय असेल, तर हे पुस्तक आणाच. रडत असतानाही ही बाई हसवते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. बावीस-चोवीस वर्षांच्या वयात एवढे मृत्यू पाहिलेल्या बाईने भीतीने घरात कोंडून घेतलं असतं तर कुणी दोष दिला नसता. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या, कारण त्या भुकेचा अर्थ त्यांना ठाऊक होता. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना भरपूर होत असे, आणि तिच्याबरोबर शेती, विणकाम, छापखानाही चालत असे. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. प्रार्थनेने तीही वाचली नाही. रमाबाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम तरीही थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली ते मराठी बायबल छापून निघालं.

विज्ञान काय म्हणतं, असंही तुमच्या मनात येईल. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होत होता आणि हृदयाच्या गतीलाही त्याचा फायदा होत होता. तुमची छाती धडधडते तेव्हा सावकाश म्हटलेल्या प्रार्थनेने बरं वाटेल, ते यामुळेही. पण २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या अठराशे रुग्णांवर जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाल्याचं दिसलं नाही. माझ्या श्रद्धेला यामुळे धक्का बसत नाही. देवाला प्रयोगशाळेत बोलवावं असं मला कधी वाटलं नाही, आणि औषधाच्या जागी प्रार्थना ठेवावी असंही नाही.

आता बसलेलं चालेल का, याबद्दल. खुशाल बसा. प्रार्थनेला बसायला दाखला लागत नाही, आणि गावदेवीची ओटी भरणाऱ्या बाईने शेजारणीच्या घरी हात जोडले तर काही बाटत नाही. मात्र धर्म बदल, पैसे दे, गोळ्या बंद कर, यातलं काहीही कुणी सांगू लागलं तर सरळ उठून घरी या. भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांत माणसं जवळ असूनही एकेकटी रडतात. चार बाया बसून एकमेकींचं ऐकतात, हाच मोठा आधार आहे. तिथे नवऱ्याचं काम सुटल्याचं मोकळेपणी सांगा, लाजू नका. महापे किंवा तुर्भ्यात कुठे माणसं घेत असतील, तर अशाच ठिकाणी कानावर येतं. प्रार्थनेहून परतल्यावर दोघांनी बसून थकलेला पगार, पीएफ आणि भाड्याचा हिशेब कागदावर मांडा. घरमालकाला आधीच सांगून मुदत मागा.

आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही कुणीतरी उचलतं. शेजारच्या ताईंना सोबत बसवून केलात तरी चालेल, पण आजच करा.