मोकळ्या कोंबड्यांना दाणा केव्हा व किती?

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या बंधुभगिनींमध्ये दोन समज आढळतात. काहींच्या मते मोकळी कोंबडी आपले पोट आपणच भरते, तिला दाणा घालणे म्हणजे पैसा उकिरड्यावर फेकणे. काहीजण उलट, सकाळी खुराडे उघडताच सूपभर मका उधळतात व अंडी का वाढत नाहीत म्हणून विचारतात. दोघांचेही नुकसान होते.

सकाळी भरपेट दाणा खाल्लेली कोंबडी चरायला जात नाही, सावली धरून बसते. किडे, वाळवी, गवताचे बी, कोवळा पाला यांतून तिला जी प्रथिने व जीवनसत्त्वे मिळतात, ती नुसत्या मक्यात पुरेशी नसतात. म्हणून सकाळी चार-पाच कोंबड्यांत मिळून एक मूठ दाणा पुरे. तिला भूक राहिली पाहिजे. खरे जेवण सूर्यास्ताच्या तासभर आधी, रोज त्याच वेळी व त्याच जागी द्यावे. या वेळेची सवय लागली की कोंबड्या आपणहून घरी येतात, मुंगसाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी जात नाहीत, आणि कोण आली नाही व कोणी दाणा टिपला नाही हेही लगेच कळते.

आता किती द्यावे? देशी कोंबडीला दिवसाला सुमारे 70 ते 100 ग्रॅम खाद्य लागते. त्यातले काही ती चरून मिळवते, उरलेले आपण द्यायचे. हा हिशेब कागदावर होत नाही, कोंबडीच्या गळ्याखाली होतो. संध्याकाळी दाणा टाकण्यापूर्वी दोन-तीन कोंबड्या हातात घेऊन छातीच्या वरची दाण्याची पिशवी चाचपावी. भरलेली लागली तर दर कोंबडीमागे 25-30 ग्रॅम पुरतात, रिकामी लागली तर 50 किंवा त्याहून अधिक द्यावे. सकाळीही पिशवी फुगलेलीच असेल तर ती कोंबडी आजारी आहे असे समजून वेगळी ठेवावी.

ऋतूप्रमाणे हे प्रमाण बदलते. पावसाळ्यात किड्यांची चंगळ असते, तेव्हा बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी एवढेच भागते. उपवासकाळाच्या सुमारास जमीन कोरडी पडू लागते, तेव्हा दाण्याबरोबर पेंड हवी. मक्याची भरड 5 भाग, तांदळाचा कोंडा 3 भाग व शेंगदाण्याची पेंड 2 भाग, या मिश्रणात शेकडा 16 च्या आसपास प्रथिने येतात. निजामपुऱ्यात घरे दाटीने आहेत. तेथील लहानशा अंगणातल्या कोंबडीला शेतावरच्या कोंबडीइतके चरायला मिळत नाही, तिला हे मिश्रण पावसाळ्यातही थोडे द्यावे. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी दाणा मुळीच टाकू नये, कारण पचनाने अंगाची उष्णता वाढते. पहाटे व सांजेला द्यावा, आणि सावलीत गार पाणी दिवसातून दोनदा बदलावे. पाण्यावाचून कोंबडी दाणाही सोडते.

अंड्याचे कवच बहुतांशी रात्री तयार होते. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा, किंवा भाजून बारीक कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाडग्यात ठेवावीत. ज्या कोंबडीला गरज असेल ती खाईल. खाद्यात मिसळू नयेत, कारण लहान तलंगांच्या मूत्रपिंडांना जादा चुना बाधतो.

पिलांची व्यवस्था वेगळी करावी लागते. मोठ्या कोंबड्या त्यांना दाण्याजवळ फिरकू देत नाहीत. पिलेच आत शिरतील असे डालगे उपडे घालून त्याखाली बारीक भरड व पेंड दिवसातून तीन-चार वेळा ठेवावी. वाळवी मिळाली तर फारच उत्तम.

सर्वांत मोठी चूक दाण्याच्या वेळेत नव्हे, दाण्यातच होते. माणसांनी खाण्याजोगा राहिला नाही तो मका कोंबड्यांना, अशी आपल्याकडे रीतच आहे. 1974 साली शेजारच्या पंचमहालात व राजस्थानातील बांसवाड्यात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. गावातली कुत्रीही मेली. त्याआधी 1960 साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीत हे बुरशीचे विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. धुऊन, उन्हात घालून किंवा शिजवून ते जात नाही. कोंबडी लगेच मरेलच असे नाही. ती रोडावते, अंडी कमी देते, साध्या रोगालाही बळी पडते, आणि विषाचा अंश अंड्यात उतरू शकतो. ती अंडी आपलीच मुले खातात.

तेव्हा हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर तो मका बदकांनाही घालू नये, त्यांना तर तो कोंबड्यांहून जास्त बाधतो. खड्ड्यात पुरून टाकावा. चांगला मका दातांखाली कट्‌ आवाज करून फुटतो. चेपला गेला तर पुन्हा वाळवावा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. पेंड महिन्याभरापुरतीच आणावी, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरती.