उपसागर, कयाक व ब्लूफिश मासा

समुद्राचा जो भाग तीन बाजूंनीं जमिनीनें वेढलेला असतो त्यास उपसागर म्हणतात, ही व्याख्या आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. परंतु त्या वेढलेल्या पाण्यांत एका माणसानें लहानशा नावेंत बसून मासे धरावयास जावयाचें असेल, तर कोणत्या वेळीं व कोणत्या बाजूस जावें, हें त्या व्याख्येवरून कळत नाहीं. तें कळण्यास नकाशा, वारा, भरतीओहोटी आणि मासा या चौघांची एकत्र ओळख पाहिजे. ती करून देण्यासाठीं आम्हीं मुद्दाम दूरचें उदाहरण घेतलें आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नांवाचें एक चिमुकलें संस्थान आहे. त्याच्या पोटांत शिरलेला नॅरागॅन्सेट उपसागर हा आजच्या पाठाचा विषय. त्या किनाऱ्याच्या प्रदेशांत आज मराठी कुटुंबेंहि राहतात, व त्यांचीं मुलें तेथील मुलांबरोबर पाण्यावर खेळावयास जातात. तेव्हां विषय अगदींच परका आहे असें पालकांनीं समजूं नये.

प्रथम नावेविषयीं. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट व अल्यूट लोकांची नाव. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करावयाचा, त्यावर सीलचें कातडें ताणून शिवावयाचें, आणि मध्यें एक माणूस मावेल एवढेंच भोंक ठेवावयाचें, अशी तिची रचना असे. आज मासे धरण्यासाठीं वापरतात ती कयाक प्लॅस्टिकची, रुंद व बहुधा वरूनच बसावयाची असते. तिच्या पोटांत हवा कोंडलेली असल्यामुळें ती सहसा बुडत नाहीं. पण नाव बुडत नाहीं म्हणजे माणूस बुडत नाहीं असें नव्हे! ती पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असते आणि माणसाच्या दोन हातांच्या बळावर ताशीं पांच किलोमीटर गेली तर पुष्कळ झालें. हा आंकडा विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां मासा. ब्लूफिश वरून निळसर हिरवा व पोटाशीं रुपेरी असतो. त्याच्या जबड्यांत तीक्ष्ण दांतांची एकच ओळ असते, पण ती इतकी धारदार कीं साधा दोर तो सहज तोडतो. म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा जोडावा लागतो. हा मासा घोळक्यानें हिंडतो व घोळक्यानेंच शिकार करितो. जगांतील अनेक उबदार समुद्रांत तो आढळतो. तुर्कस्थानांत बॉस्फरसच्या कांठीं त्याला लुफेर म्हणतात, तर ऑस्ट्रेलियांत टेलर. गळानें धरलेला सर्वांत मोठा ब्लूफिश १९७२ सालीं उत्तर कॅरोलायनांत हॅटरसजवळ सांपडला; त्याचें वजन चौदा किलोंहून थोडें अधिक भरलें. हिवाळा दक्षिणेकडे घालवून पाणी तापूं लागलें कीं तो किनाऱ्याच्या कडेनें उत्तरेस सरकतो, मे-जूनच्या सुमारास नॅरागॅन्सेटमध्यें शिरतो आणि ऑक्टोबर सरतांना परत फिरतो.

त्याच्या येण्याजाण्याचा भरंवसा मात्र देतां येत नाहीं. सुमारें १७६४ सालीं तो न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरून नाहींसा झाला, आणि पुढील शतक उजाडल्यावरच पुन्हा दिसूं लागला. १८७१ सालीं अमेरिकन सरकारनें माशांच्या घटीची चौकशी करण्यासाठीं स्पेन्सर बेअर्ड या शास्त्रज्ञाच्या हाताखालीं एक आयोग नेमला. गळवाले म्हणत कीं जाळेवाल्यांनीं मासे संपविले. जाळेवाले म्हणत कीं तसें नाहीं. बेअर्डनें दोघांचें ऐकून घेतलें, आणि दोषाचा एक मोठा वांटा या खादाड ब्लूफिशच्याच माथीं मारला! भांडणाऱ्या दोन पक्षांस असा तिसरा आरोपी मिळणें सोयीचें असतें. असो.

हा मासा उपसागरांत येतो तो मुख्यतः मेनहेडन नांवाच्या माशामागें. मेनहेडन आपल्या तारलीच्या जातकुळींतला, तेलकट व थव्यानें पोहणारा. ब्लूफिश त्याला हांकीत हांकीत उथळ खाड्यांत कोंडतो. म्हणून मासा शोधणाऱ्यानें ब्लूफिश शोधूं नये, त्याचें भक्ष्य शोधावें. पाण्यावर तेलाचा गुळगुळीत तवंग दिसला, किंवा कुरव व सुरय पक्षी एकाच जागीं घिरट्या घालून सूर मारूं लागले, कीं खालीं काय चाललें आहे हें सांगावयास नको.

येथवर सर्व सोपें आहे. अडचण अशी कीं पक्षी जेथें जमतात ती जागा नावेस सुरक्षित आहे कीं नाहीं हें पक्षी सांगत नाहींत.

नकाशा उघडा. नॅरागॅन्सेट उपसागराचें क्षेत्रफळ सुमारें ३८० चौरस किलोमीटर असून त्याचें तोंड दक्षिणेस अटलांटिक महासागराकडे आहे. मध्यें अक्विडनेक, कॉनॅनिकट व प्रुडन्स हीं मोठीं बेटें बसलीं आहेत. त्यांच्यामुळें पाण्याचे तीन मार्ग झाले: पूर्वमार्ग, पश्चिममार्ग, आणि अगदीं पूर्वेस सॅकोनेट. या सॅकोनेटला तेथील लोक नदी म्हणतात, परंतु ती नदी नव्हे, समुद्राचाच चिंचोळा फांटा होय. नांवावरून पाण्याची परीक्षा करूं नये याचें हें चांगलें उदाहरण आहे. पूर्वमार्ग खोल असून प्रॉव्हिडन्स बंदराकडे जाणारीं मोठीं जहाजें त्यांतून जातात. जहाजावरील माणसास खालीं तरंगणारी कयाक बहुधा दिसतच नाहीं, आणि दिसली तरी जहाज ऐन वेळीं थांबत नाहीं कीं वळत नाहीं. एवढ्यावरूनच पूर्वमार्ग आपण नकाशांतून खोडून टाकूं.

जहाजांचा मार्ग तांबड्या व हिरव्या तरंगत्या खुणांनीं आंखलेला असतो. येथें एक मौज आहे. अमेरिकेंत समुद्रावरून बंदरांत शिरतांना तांबड्या खुणा उजव्या हातास ठेवावयाच्या असतात. मुंबई बंदरांत शिरणाऱ्या जहाजास त्या डाव्या हातास येतात. जगाचे या बाबतींत दोन विभाग पडले आहेत. भारतांतील बंदरें पाहून गेलेल्या मनुष्यानें तेथें जुन्या संवयीवर विसंबूं नये.

आतां वारा. दिवसा जमीन तापली कीं समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो, हें आपण सातवी-आठवींतच शिकलों. नॅरागॅन्सेटवर उन्हाळ्यांत हा वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. सकाळीं पाणी आरशासारखें असतें. अकराच्या सुमारास पहिली झुळूक येते. आणि दुपारीं दोनपर्यंत पाण्यावर पांढरे फेस दिसूं लागतात. उपसागराचें तोंड दक्षिणेस असल्यामुळें हा वारा सरळ आंत घुसतो. भरतीचें पाणी उत्तरेस जातें, तेव्हां वारा व प्रवाह एकाच दिशेचे होतात व लाटा लांब आणि सौम्य राहतात. ओहोटीचें पाणी दक्षिणेस येतें. तेव्हां वारा त्याच्या तोंडावर येतो आणि लाटा आंखूड, उभ्या व एकीमागून एक अशा उठतात. कयाक उलटते ती बहुधा अशा लाटांत.

मग भरती चांगली म्हणावी काय? अंकगणितांत नाव व प्रवाह यांचीं उदाहरणें मुलें कंटाळून सोडवितात. तें उदाहरण येथें प्रत्यक्ष मांडून पाहूं. कयाकीची गति ताशीं ५ किलोमीटर. भरतीचा प्रवाह ताशीं २ धरूं, आणि वाऱ्याच्या रेट्याचे २ धरूं. पक्ष्यांचा थवा उत्तरेस २ किलोमीटरांवर दिसला. जातांना गति ५ अधिक २ अधिक २, म्हणजे ९. चौदा मिनिटेंहि लागलीं नाहींत, व मुलाला वाटलें कीं आपल्या हातांत मोठें बळ आलें. परततांना ५ उणे २ उणे २, म्हणजे १. तेच दोन किलोमीटर काटावयास दोन तास! आणि तेहि क्षणभर न थांबतां. कारण हात थांबले कीं नाव मागें जाऊं लागते. थकलेल्या माणसाला ताशीं ५ चा वेग टिकवितां येत नाहीं. तो ४ वर आला कीं उत्तर शून्य येतें. अंकगणितांतलें शून्य पाटीवर पुसतां येतें.

यावरून तेथील जाणते लोक एक नियम पाळतात: निघतांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे परततांना वारा घरीं आणतो. दुसरा नियम, पहांटे निघून अकराच्या आंत किनारा गांठावा. सुदैवानें ब्लूफिशहि पहांटे व तिन्हीसांजेस अधिक खातो. भरतीओहोटीचा दुसरा फेरा सुमारें १२ तास २५ मिनिटांनीं येतो, म्हणून तीच स्थिति दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते; आदल्या रविवारीं जमलेलें गणित पुढल्या रविवारीं जमत नाहीं. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा, भांगाच्या दिवसांत मंद, हें कोकणांतल्या मुलांस सांगणें नलगे.

आतां जागा निवडूं. नैर्ऋत्य वाऱ्यास आडोसा पश्चिम किनाऱ्याचा. पश्चिममार्गाच्या कांठीं विकफर्ड हें जुनें बंदर आहे. त्याच्या तोंडाशीं लाटा अडविणारे बांध असल्यामुळें आंतलें पाणी शांत राहतें. त्याच्या दक्षिणेस रोम पॉइंटचा किनारा, आणि उत्तरेस ग्रीनिच बे ही उथळ खाडी. ग्रीनिच बेमध्यें बहुतेक ठिकाणीं पाणी तीन मीटरांहून कमी खोल असून मोठ्या जहाजांची ये-जा नाहीं. नवशिक्यास या जागा बऱ्या. परंतु 'आडोसा' या शब्दानें फसूं नये. किनाऱ्यालगत पाणी शांत दिसतें, कारण वारा जमिनीवरून पाण्याकडे जात असतो. तोच वारा नावेस हळूहळू कांठापासून दूर ढकलतो, आणि दूर गेल्यावर आडोसा संपतो. म्हणून शांत जागींहि दर थोड्या वेळानें मागें वळून किनाऱ्यावरील एखाद्या झाडाकडे किंवा घराकडे पाहावें. तें लहान होत चाललें असेल तर गळ गुंडाळावा.

उलट उपसागराच्या तोंडाशीं बीव्हरटेलचें टोंक आहे. तेथें १७४९ पासून दीपगृह आहे, आणि तें शोभेसाठीं बांधलेलें नाहीं. मोठे ब्लूफिश तेथें मिळतात, पण महासागराची लाट खडकांवर आपटून परत फिरते व येणाऱ्या लाटेशीं झुंजते. ऑगस्ट-सप्टेंबरांत शेंकडों मैल दूर वादळ असतांनाहि निरभ्र दिवशीं तेथें अकस्मात् उंच लाटा येतात. कयाकवाल्यानें तें टोंक जमिनीवरून पाहावें.

थंडीचें स्वतंत्र सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे हा धोका कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मे महिन्यांत तेथें ऊन सुरेख पडतें, पण पाणी सुमारें १२ अंश असतें. अतिशय थंड पाण्याविषयीं तिकडे तीन आंकडे शिकवितात: १, १० व १. पहिलें एक मिनिट धाप आंवरण्यांत जातें. पुढचीं दहा मिनिटें हातपाय ताब्यांत असतात. आणि सुमारें एका तासानें शुद्ध जाते. मे महिन्याचें पाणी गोठण्याइतकें थंड नसतें, म्हणून वेळ थोडा अधिक मिळतो, क्रम तोच. उत्तम पोहणारा मुलगाहि पहिल्याच मिनिटांत तोंडानें पाणी ओढून घेतो. म्हणून तरंगतें जाकीट अंगांत घालावें लागतें. नावेंत बांधून ठेवलेलें जाकीट पाण्यांत पडल्यावर घालतां येत नाहीं. जून-जुलैंत उबदार वारा गार पाण्यावर येऊन धुकें धरतें, त्यासाठीं होकायंत्र व शिट्टी जवळ असावी.

मासा गळाला लागल्यावर काम संपत नाहीं. ब्लूफिश नावेंत आला तरी दांत वाजवीतच असतो, आणि कयाकींत तो येतो तो थेट मांडीवर. बोट त्याच्या तोंडाजवळ नेऊं नये. लांब चिमट्यानें गळ काढावा. त्याचें मांस तेलकट असल्यामुळें लवकर बिघडतें, म्हणून रक्त काढून लगेच बर्फांत ठेवावें लागतें. मोठ्या ब्लूफिशच्या अंगांत पारा व इतर विषारी द्रव्यें सांठतात. गर्भवती स्त्रियांनीं व लहान मुलांनीं तो खाऊं नये असें तेथील आरोग्यखातें सांगतें. परवान्याशिवाय मासे धरणें तेथें सामान्यतः बेकायदेशीर आहे, मात्र सोळा वर्षांखालील मुलांस सूट आहे. २०१९ सालच्या पाहणींत या माशाची संख्या फार घटलेली आढळली. त्यावरून २०२० सालीं हौशी माणसाची रोजची मर्यादा पंधरांवरून तीन माशांवर आणली. हे आंकडे बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वीं चालू नियम पाहावा.

आणि खाडी शांत आहे म्हणून ती निरोगी आहे असेंहि नाहीं. २००३ सालच्या ऑगस्टांत याच ग्रीनिच बेमध्यें पाण्यांतला प्राणवायु संपून लाखों मासे, त्यांत मुख्यतः मेनहेडन, मेले व किनाऱ्यावर ढीग पडले. सांडपाण्यांतील नत्रामुळें शेवाळ माजलें होतें. पुढच्याच वर्षीं संस्थानानें सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांवर नत्र कमी करण्याचें बंधन घातलें, आणि पुढें पाणी पुष्कळ सुधारलें.

ज्या पालकांस आपल्या मुलाला कयाकींत बसवावयाचें धैर्य होत नाहीं, त्यांच्यासाठींहि उपसागरांत जागा आहे. ऑगस्ट अखेरीस वीतभर लांबीचीं ब्लूफिशचीं पिलें बंदरांत येतात. तिकडे त्यांस स्नॅपर म्हणतात. विकफर्डसारख्या गांवीं मुलें धक्क्यावर पाय सोडून बसतात, एक लांब काठी, तरंगता बूच व गळाला छोटासा मासा एवढ्या साहित्यावर तीं दुपार काढतात. दांत त्या पिलांनाहि असतात.