इंग्रजी वर्तमानकाळाची दोन रूपे

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यात येते. तथापि वरच्या वर्गांतील मुलांच्या वह्यांतही वर्तमानकाळाच्या काही ठराविक चुका आढळतात. त्यांचे मूळ बहुधा मातृभाषेच्या वळणात असते, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत आहे. ती २००६ साली कामगारांच्या स्वाधीन झाली. तेथील मुलास ‘तुझी आई काय करते?’ असे विचारल्यास तो ‘विड्या वळते’ असे उत्तर देईल. आई त्या क्षणी पाणी भरत असली तरी हे उत्तर खरेच. कारण ते तिचा व्यवसाय सांगते. आता काम करीत बसलेल्या आईलाच ‘काय करतेस?’ असे विचारावे. तीही ‘विड्या वळते’ असेच म्हणेल. मराठीत एकच रूप दोन्ही ठिकाणी चालते. इंग्रजीत तसे चालत नाही. ‘शी रोल्स बीडीज’ यात नित्याचा उद्योग सांगितला जातो, तर ‘शी इज रोलिंग बीडीज’ यात या घटकेस चाललेले काम. ‘आहे म्हणजे इज’ एवढेच पाठ केलेले मूल ‘शी इज रोल’ असे तिसरेच रूप बनविते.

म्हणून फळ्यावर ‘रोज’ आणि ‘आत्ता’ असे दोन रकाने आखावेत. वाक्य कोणत्या रकान्यात बसते, हे मुलांनी आधी मराठीत सांगावे. मगच इंग्रजी रूप वदवून घ्यावे.

दुसरी अडचण ‘एस’ या प्रत्ययाची. तो वळतो, ती वळते, ते वळतात, असा कर्त्यानुसार होणारा बदल मुलांच्या अंगवळणी पडलेलाच असतो. इंग्रजीत ‘ही’ व ‘शी’ यांना एकच रूप पुरते आणि नेहमीच्या क्रियापदांत बदल केवळ तृतीयपुरुषी एकवचनात होतो, हे सांगितल्यास मुलांस नियम सोपा वाटतो. नकारार्थी वाक्यात मात्र प्रत्यय ‘डू’कडे जाऊन ‘डझ’ होते व मूळ क्रियापद मोकळे राहते : ‘शी डझ नॉट रोल’. प्रत्यय दोनदा लावू नये.

‘नो’, ‘वॉन्ट’ यांसारखी क्रियापदे मनाची स्थिती दाखवितात. म्हणून ‘मला माहीत आहे’ यासाठी ‘आय नो’ म्हणावे. ‘आय ॲम नोइंग’ नव्हे.

अखेरीस प्रत्येक मुलाने आपल्या घरातील माणसांच्या कामांविषयी पाच वाक्ये लिहावीत. ज्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, तेथील मुलाची चूक शाळेतच दुरुस्त व्हावयास हवी. म्हणून प्रत्येक वही शिक्षकांनी स्वतः तपासावी.