पोचा आणि चीर (गीता १८.४८)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला अठ्ठेचाळिसावा. भगवंत अर्जुनाला सांगतात, स्वभावानं वाट्याला आलेलं काम दोषाचं असलं तरी टाकू नकोस. विस्तव पेटला की धूर येणारच, तसा प्रत्येक कामाच्या आरंभाला काही ना काही दोष चिकटलेला असतोच. हा श्लोक मी कितीदा तरी वाचला होता. पण थोडाफार कळला तो चारठाण्याच्या पाझर तलावात, गुडघाभर चिखलात उभं राहून.

झालं असं. दिवाळीला पुण्याहून आत्याकडे चारठाण्याला गेलो होतो. माझा आतेभाऊ आयटीआय झालेला, पत्र्याच्या कामात हात बसलेला. आम्हा दोघांना लहानपणापासून विमानांचं वेड. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ते बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं, तेव्हा आम्ही दोघं फोनवर रात्रभर तेच बोलत होतो. त्याआधी त्यांचे दोन प्रयत्न झाले होते. नोंदणी २०१७ ला मिळाली, उड्डाणाची चाचणी धुळ्यात झाली ती २०२० ला. (वर्षं मोजून बघा. आपण ॲपवर चाळीस दिवसांची साधना सुरू करतो आणि पाचव्या दिवशी ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो.) पुढे डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची चाचणी झाली, आणि तेव्हापासून भावाच्या डोक्यात एकच: आपणही पाण्यावरून उडणारं करायचं. खरं नाही, रिमोटचं. सहा फुटी पंखाचं.

अशा विमानाला चाकांऐवजी दोन फ्लोट असतात, म्हणजे होडीच्या आकाराचे पोकळ पाय. खऱ्या विमानांचे बहुतेक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, म्हणून भावानंही पातळ पत्राच घेतला. आठवडाभर राबून त्यानं दोन्ही फ्लोट इतके सुबक केले की मला हात लावायची भीती वाटावी. आणि ओसरीतून बाहेर काढताना उजवा फ्लोट लोखंडी खाटेला आपटला. रुपयाएवढा पोचा पडला.

भाऊ म्हणाला, “राहू दे दादा. काही होत नाही त्याला.”

मला राहवेना. दुपारी तो जिंतूरला गेल्यावर मी हातोडी घेतली.

पत्र्याचं एक गणित असतं, ते मला नंतर कळलं. पोचा पडतो तेव्हा तिथला पत्रा ताणलेला असतो. उलट बाजूनं ठोकला की तो आणखी पसरतो, आणि पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नसते. मग तो फुगतो, आणि बोटानं दाबला की तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक्क करून आत जातो, सोडला की बाहेर. शिवाय ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं, आणि कडक झालं की तडकतं. मी ठोकत राहिलो. रिवेटच्या ओळीजवळ केसासारखी चीर गेली. मी घाबरलो, तिच्यावर लांबी भरली, वर रंग मारला. संध्याकाळी भाऊ आला, बोट फिरवून म्हणाला, “भारी काढलास की पोचा!” मी हसलो. काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर. विमान पाण्यावर ठेवलं, छान तरंगलं. दहा मिनिटं अँटेना वगैरे तपासण्यात गेली, तेवढ्यात उजवी बाजू हळूच खाली बसायला लागली होती, पण आम्ही उत्साहात. भावानं वेग दिला, विमान उजवीकडे ओढलं गेलं, पंखाचं टोक पाण्याला लागलं आणि एका क्षणात उलटं. भावानं वर्षभर पैसे साठवून घेतलेला रिसीव्हर पाण्यात. मी धावलो, चिखलात रुतलो.

खऱ्या फ्लोटमध्ये आत आडव्या भिंती घालून कप्पे करतात. अमेरिकेच्या विमाननियमांत २०१७ पर्यंत वर्षानुवर्षं असं होतं की मुख्य फ्लोटला निदान चार जलरोधक कप्पे हवेत, आणि कुठलेही दोन कप्पे पाण्यानं भरले तरी विमान उलटता कामा नये. शिवाय प्रत्येक फ्लोटनं आपल्या वाट्याच्या भारापेक्षा ऐंशी टक्के जास्त भार तोलला पाहिजे. हा नियम मला फार आवडतो. फ्लोट कधीच गळणार नाही असं नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं नाही. गळणार, हे धरूनच बांधायचं. आमच्या मॉडेलमध्ये भावाला कप्पे करायचे होते. “एवढ्याशा विमानाला कशाला, वजन वाढेल,” म्हणणारा मीच होतो.

त्या रात्री ओसरीत बसून भावाला खरं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पोचा माझ्याकडून पडला होता दादा. त्याचं मला काहीच नव्हतं वाटलं. तू चीर झाकली, त्याचं वाटतंय.”

आत्या आतून ऐकत होती. तिच्या पाणी भरायच्या पितळी घागरीला इतके पोचे आहेत की मूळचा आकार ओळखू येत नाही. ती म्हणाली, “पोचली म्हणून कोणी घागर टाकतं का रे? गळाया लागली की तांबटाकडं न्यायची, डाग देऊन आणायची. न्हाई नेली तर घरभर पाणी.”

मला या श्लोकाचा अर्थ तिथं लागला. दोष दोन प्रकारचे असतात आणि आपण नेमकी त्यांची अदलाबदल करतो. गेल्या चातुर्मासात मी रोज ज्ञानेश्वरीचं एक पान वाचायचं ठरवलं होतं. अकराव्या दिवशी रिलीजमुळे चुकलं. दोन दिवस स्वतःला शिव्या घातल्या, मग ‘नियम मोडलाच आहे’ म्हणून पोथी फडताळात. तो पोचा होता, मी त्याला चीर समजलो. याच अध्यायात सातव्या-आठव्या श्लोकांत भगवंत मोहापायी किंवा कष्टाच्या भीतीनं काम सोडण्याला तामस आणि राजस त्याग म्हणतात. माझं सोडणं त्यातलंच, नाव मात्र मी ‘शिस्त’ दिलं होतं. आणि आईच्या फोनवर मी दर वेळी खेकसतो, ते मात्र ‘माझा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतो. तिथं पाणी आत येतंय.

चुलीपुढं बसणारी बाई धूर आला म्हणून चूल विझवत नाही, फुंकणी घेते. पण घर कोंडलं तर दारही उघडते.

मग ओळखायचं कसं? फ्लोटवाल्या वैमानिकांची एक साधी सवय आहे. प्रत्येक कप्प्याला वरून एक छोटं तोंड असतं, त्यावर बहुधा रबरी चेंडूसारखं बूच. सकाळी उडण्याआधी हातपंप लावून एकेका कप्प्यातलं पाणी काढायचं. थोडं पाणी निघतंच, त्याचं कोणी मनाला लावून घेत नाही. पण एखाद्या कप्प्यातून कालच्यापेक्षा जास्त निघालं तर उड्डाण थांबवून गळती शोधायची. गोल, उथळ पोचा बाजूच्या पत्र्यावर असला तर चालवून घेतात. धारदार घडी पडली असेल, रिवेटच्या ओळीवरून गेली असेल, तळाच्या कण्यावर किंवा पायरीपाशी असेल, तर नाही. मी आता झोपण्याआधी पाच मिनिटं एवढंच बघतो: आज कुठल्या कप्प्यात किती. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवतो, नाहीतर पाच मिनिटं कुठं जातात तुम्हाला माहीतच आहे.

पोथी फडताळातून काढली. बाराव्या दिवसापासून सुरू केली, पहिल्यापासून नाही.

रिसीव्हरचे पैसे भावानं घेतले नाहीत, मग मी नवा आणून दिला. संक्रांतीला परत चारठाण्याला गेलो. गोकुळेश्वराचं दर्शन घेतलं आणि दोन दिवसांत नवे फ्लोट केले, या वेळी चार-चार कप्प्यांचे, प्रत्येकाला बूच. बाहेर काढताना डावा फ्लोट त्याच खाटेला आपटला. भावानं माझ्याकडे बघितलं, पोच्यावरून अंगठा फिरवला, रिवेटची ओळ तपासली आणि म्हणाला, “पंप घे दादा, उन्हं वर यायच्या आत निघू.”

उद्या श्लोक ४९.