दुःखातला आनंद: अश्रू न लपवता



संत पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पुन्हा पुन्हा सांगतो की प्रभूमध्ये आनंदित राहा. मिस्सामध्ये हे वाचन ऐकताना आपल्या मनात प्रश्न येतो. घरात आजारपण आहे, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला आहे, उसात बिबट्या आहे म्हणून संध्याकाळी मुलांना अंगणात सोडवत नाही. मग आनंद करायचा कसा?

आपल्या भागात हा प्रश्न ३० जुलै २०१४ रोजी फार कठोरपणे उभा राहिला. त्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर वार्ता कळली. १५१ माणसे मरण पावली.

१. दुःख ही शिक्षा नव्हे
अशा वेळी कोणीतरी म्हणतेच, ‘काहीतरी पाप घडले असेल.’ येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे विचारून येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटले (लूक १३:४-५). दुःखिताला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२. रडणे म्हणजे अविश्वास नव्हे
लाजरसाला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). पौलही तुरुंगातून आनंदाचे पत्र लिहिताना लपवत नाही की एपफ्रदीत मेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते (फिलिप्पै २:२७). म्हणजे आनंद आणि अश्रू एकाच हृदयात राहू शकतात.

माळीणच्या ढिगाऱ्यातून एक आई व तिचे तान्हे बाळ जिवंत निघाले. बाळाच्या रडण्याचा आवाज बचावकार्य करणाऱ्यांनी ऐकला होता. पण जे गेले, त्यांचा आक्रोश देवाने ऐकला नाही काय? क्रुसावरून येशूने पित्याला मारलेली हाकसुद्धा त्या दुपारी अनुत्तरित राहिली असेच वाटले. तिचे उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले. आपली श्रद्धा याच उत्तरावर उभी आहे. गेलेले देवाच्या हातून सुटलेले नाहीत.

३. हा आनंद कोणता?
हा आनंद म्हणजे हसरा चेहरा नव्हे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा दाखला दिला (योहान १६:२१-२२). तिच्या वेदना खऱ्याच असतात. पण त्या व्यर्थ जात नाहीत. प्रभू जिवंत आहे व तो आपल्या दुःखात आपल्याबरोबर आहे, या खात्रीतून येणारी शांती हाच ख्रिस्ती आनंद. भाव चढल्याने तो येत नाही, भाव पडल्याने जातही नाही.

४. आपले काम
पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्याच्या अखेरीस ते आपल्याला चांगल्या शोमरोन्याकडे नेतात. दुसऱ्याचे दुःख पाहून थांबणारे प्रेम आपल्यात जागे व्हावे, हा त्याचा बोध. माळीणच्या चिखलात अनोळखी माणसे अनोळखी माणसांसाठी दिवसरात्र राबली. जात-धर्म कोणी विचारला नाही. २०१७ साली वाचलेल्या कुटुंबांना नव्या गावात घरे मिळाली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. अशा घरी जाऊन ‘आनंदी राहा’ असा उपदेश करू नये. शेजारी बसावे, हाताला हात लावावा, शक्य ती मदत करावी. आनंद देण्याचे काम प्रभूवर सोपवावे.

चिंतनासाठी
१. आपल्या वाडीत कोणाचे रडणे आपण ऐकूनही ऐकत नाही?
२. या आठवड्यात आपण कोणाच्या घरी जाऊन बसणार?

दुःखी मातेच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या अश्रूंत आपल्याला भेटो. आमेन.