फ्लॅशचा अस्त

इंटरनेटवरील पाने ज्या साधनाने वाचता येतात, त्यास ब्राउझर म्हणतात. आरंभीचे ब्राउझर मजकूर व चित्रे दाखवीत. व्यंगपट व खेळ दाखविण्यास मात्र ते अपुरे पडत. ही उणीव १९९६ साली निघालेल्या फ्लॅशने भरून काढली. फ्लॅश हा ब्राउझरला बाहेरून जोडावयाचा भाग, म्हणजेच प्लग-इन होता. त्यात चित्र ठिपक्याठिपक्यांनी न साठविता रेषा व वळणे यांच्या गणिताने साठविता येई. त्यामुळे संथ टेलिफोन-जोडणीवरूनही ते लवकर पोचे. शाळकरी मुलांनीसुद्धा घरी बसून त्यात खेळ रचले!

परंतु या जोडभागात चोरवाटा फार. एक बुजवावी, तोच दुसरी उघडी पडे. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये त्यास थारा मिळाला नाही. पुढे एचटीएमएल-५ मुळे ब्राउझर स्वतःच चलच्चित्रे दाखवू लागले. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या कर-खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्येच होते. त्यांच्यासाठी त्या खात्याला निराळा ब्राउझर काढावा लागला.

आणि त्या खेळांचे काय? फाइली शाबूत होत्या. पण मोडी न येणाऱ्यापुढे जुने दप्तर पडावे, तशी त्यांची गत झाली. हे आधीच ओळखून काही स्वयंसेवकांनी, फ्लॅशवाचून त्या फाइली वाचणारी ‘रफल’ नावाची आज्ञावली रचली होती. तिच्या साह्याने अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून असे अनेक खेळ व व्यंगपट पुन्हा चालते केले. ज्यांची प्रत कोणीच जपून ठेवली नव्हती, ते मात्र लोपले.